रिकाम्या फेरीचे भाडे



खाजगी जेट विमानाचा प्रवास स्वस्तात कसा मिळतो, हा विषय कामगार चळवळीतल्या माणसाने व्याख्यानाला घ्यावा ह्याचे काहींना नवल वाटेल. विषय वरवर पाहता श्रीमंतांचा आहे हे खरे. परंतु त्याच्या तळाशी दोन जुने प्रश्न आहेत. रिकाम्या फेरीचा खर्च कोणी सोसायचा, हा एक. आणि माणसाचा वेळ कोणाच्या मालकीचा, हा दुसरा. हे दोन्ही प्रश्न आमच्या युनियनच्या कचेरीत रोज येतात, फक्त तेथे ते विमानात बसून येत नाहीत.

प्रथम व्यवहार समजून घेऊ. समजा, मुंबईच्या एका उद्योगपतीने आठ आसनांचे विमान भाड्याने घेतले आणि तो दिल्लीला गेला. त्याला तेथे चार दिवस राहायचे आहे. विमान चार दिवस तेथे उभे ठेवायचे तर जागेचे भाडे द्यावे लागते, वैमानिकांच्या मुक्कामाचा खर्च येतो, आणि मधल्या काळात येणारे दुसरे गिऱ्हाईक हातचे जाते. म्हणून विमान मुंबईला परत येते, आणि येताना आत प्रवासी कोणी नसतो. तेल जळायचे ते जळतेच. वैमानिक दोन लागायचे ते लागतातच. ह्या फेरीचे पैसे बहुतेक वेळा त्या पहिल्या गिऱ्हाइकाच्या बिलात अगोदरच लावलेले असतात. तेव्हा ह्या फेरीवर कंपनीला पाव किंमत मिळाली तरी ती वरकड कमाई होय. हिलाच जाहिरातीच्या भाषेत सवलत म्हणतात.

सवलतीची अट मात्र कडक असते. दिवस, तास आणि गाव पहिल्या गिऱ्हाइकाने ठरवलेले. त्याची सभा लांबली की तुमचा प्रवास लांबला. त्याने बेत रद्द केला की तुमचाही रद्द झाला. अशा फेऱ्या पुष्कळदा दोन-चार दिवस आधी, कधी तर काही तास आधी जाहीर होतात. म्हणून जाहिरातदार सांगतात की प्रवासी 'लवचीक' असावा. सरळ मराठीत बोलायचे तर, हे विमान ज्याला परवडते त्याला पैशापेक्षा मोकळा वेळ अधिक लागतो.

मालवाहतुकीच्या धंद्यात ही गोष्ट कोणा ड्रायव्हरला शिकवावी लागत नाही. नाशिकचा कांदा घेऊन परमुलखात गेलेला ट्रक माल उतरल्यावर रिकामा परतला तर मालकाचे नुकसान. म्हणून रिटर्न भाडे मिळेपर्यंत गाडी अड्ड्यावर पडून राहते. ते दोन दिवस ड्रायव्हर आणि क्लीनर गाडीच्या सावलीत स्टोव्ह पेटवून भात शिजवतात. त्या दोन दिवसांची मजुरी कोणाच्या हिशेबात धरावी, ह्यावर मी जितकी भांडणे भांडलो आहे तितकी पगारवाढीवरही नसतील.

आता इतिहासाकडे वळू. रिकाम्या फेरीत स्वस्तात माणसे भरण्याची युक्ती विमानाच्या जन्माआधीची आहे. नेपोलियनने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी बाल्टिक समुद्राचे दरवाजे इंग्लंडला बंद केले, तेव्हा इंग्रजांना जहाजबांधणीचे लाकूड कॅनडाहून आणावे लागले. क्वेबेकहून ओंडके भरून जहाजे लिव्हरपूलला आणि आयर्लंडच्या बंदरांना येत. परत जाताना त्यांना पुरेसा माल नसे. रिकामे जहाज समुद्रात डुचमळते. म्हणून त्याच्या तळाशी दगड-वाळू भरावी लागते, आणि दगड-वाळूचे भाडे कोणी देत नाही. मग जहाजमालकांच्या ध्यानात आले की, दगडाच्या जागी माणूस भरला तर तो स्वतःच्या पायांनी चढतो, स्वतःच्या पायांनी उतरतो आणि वर पैसे देतो. लाकडाच्या कोठारात कच्च्या फळ्या ठोकून निजण्याचे माळे केले की काम झाले. क्वेबेकला पोहोचल्यावर त्या फळ्या काढून टाकायच्या आणि पुन्हा ओंडके भरायचे.

क्वेबेकचे भाडे न्यूयॉर्कपेक्षा स्वस्त पडे, कारण अमेरिकेचे उतारूविषयक कायदे अधिक कडक होते आणि कडक कायदा पाळायला पैसे लागतात. ब्रिटिश पार्लमेंटने १८०३ साली जहाजाच्या दर दोन टनांमागे एकच उतारू घ्यावा असा नियम केला होता. पुढे व्यापाऱ्यांच्या सोयीसाठी तो ढिला करण्यात आला. आयर्लंडमध्ये बटाट्याचे पीक सडून दुष्काळ पडला तेव्हा ह्या स्वस्त परतीच्या जहाजांवर कोण चढले हे सांगायला नको. १८४७ च्या एका उन्हाळ्यात सेंट लॉरेन्स नदीतील ग्रोस इल ह्या क्वारंटाइनच्या बेटावर पाच हजारांहून अधिक माणसे पुरली गेली. बहुतेक टायफसने गेली. ह्यांच्याइतका लवचीक प्रवासी जगाने पाहिला नसेल. जहाज निघेल त्या दिवशी निघायचे, नेईल त्या बंदरात उतरायचे, आणि दरम्यान धक्क्यावर जितके दिवस ताटकळावे लागेल तितके दिवस ताटकळायचे. त्यांच्या वेळाला किंमत नव्हती, म्हणूनच त्यांना भाडे स्वस्त होते.

परतीचा माल शोधून देणाऱ्या दलालांचा लंडनमध्ये एक मोठा बाजार होता. १७४४ साली 'व्हर्जिनिया अँड बाल्टिक' ह्या नावाच्या कॉफीगृहात त्याची सुरुवात झाली आणि पुढे तो बाल्टिक एक्स्चेंज म्हणून प्रसिद्ध झाला. कोणते जहाज कोठे रिकामे होणार आणि कोठे माल पडून आहे, ह्या दोन बातम्यांची गाठ घालून द्यायची हा त्यांचा धंदा. ही बातमी हेच त्यांचे भांडवल. दुसऱ्या महायुद्धानंतर युद्धातली शेकडो वाहतुकीची विमाने पडेल किमतीत विकायला निघाली आणि ती घेऊन छोट्या छोट्या कंपन्या उभ्या राहिल्या. तेव्हा ह्याच बाजारातील दलालांनी जहाजांची विद्या विमानांना लावली. १९४९ साली त्यांनी हवाई दलालांचा स्वतंत्र संघ काढला. आज आपण मोबाइलवर रिकाम्या जेटची जी यादी पाहतो तिचे कूळ असे त्या कॉफीगृहापर्यंत जाते.

त्या छोट्या कंपन्यांना बळ आले ते बर्लिनमुळे. जून १९४८ मध्ये रशियाने पश्चिम बर्लिनची नाकेबंदी केली, ती मे १९४९ मध्ये उठली. त्या काळात शहराला कोळसा आणि धान्य विमानांनी पुरवले गेले. जाताना विमान कोळशाने ओथंबलेले; येताना थोडा कारखान्यांचा माल, काही आजारी माणसे आणि मुले, नाही तर मोकळे. येथे परतीच्या भाड्याची चिंता कोणी केली नाही, कारण दोन्ही बाजूंचे पैसे सरकार देत होते. फ्रेडी लेकर नावाच्या जुन्या विमानांच्या व्यापाऱ्याने ह्याच काळात आपला पाया घातला. लेकरचे नाव पुढे पुन्हा येईल.

नाकेबंदी उठली, सरकारी काम संपले आणि विमाने मोकळी झाली. त्यांत बसवायचे कोणाला? ह्या प्रश्नाचे उत्तर विमानवाल्यांनी शोधले नाही. ते कामगार चळवळीने अगोदरच तयार करून ठेवले होते. १९३६ च्या उन्हाळ्यात फ्रान्समधील कामगारांनी कारखाने ताब्यात घेऊन संप केले, आणि लेऑन ब्लूम ह्यांच्या सरकारने वर्षाला दोन आठवड्यांची भरपगारी रजा कायद्याने दिली. त्या सरकारातील लेओ लाग्रांज ह्या मंत्र्याने एक पाऊल पुढे टाकले. रजा मिळाली, पण गाडीभाड्याला पैसे नसले तर कामगार जाणार कोठे? म्हणून त्याने रेल्वेच्या तिकिटात रजेवरील कामगारांना ४० टक्के सूट मिळवून दिली. अनेकांनी त्या वर्षी जन्मात प्रथमच समुद्र पाहिला. दोन सवलतींमधला फरक मला येथे दाखवायचा आहे. लाग्रांजची सवलत कामगाराच्या रजेकडे पाहून दिलेली होती, रिकाम्या डब्याकडे पाहून नव्हे.

इंग्लंडमध्ये भरपगारी रजेचा कायदा १९३८ साली झाला, आणि लगेच युद्ध आले. युद्धानंतर, मे १९५० मध्ये, व्लादिमीर राइट्झ ह्या रशियातून आलेल्या तरुणाने एक जुने डकोटा विमान भाड्याने घेऊन लंडनजवळून कॉर्सिका बेटावरील कॅल्व्हीला सहली सुरू केल्या. विमान, तंबूतला मुक्काम आणि जेवण मिळून ३२ पौंड १० शिलिंग. सरकारी विमान कंपनीला स्पर्धा नको म्हणून आरंभी फक्त विद्यार्थी आणि शिक्षक न्यावेत अशी अट घातलेली होती. ह्या सहलींचे गणित सगळे परतीच्या फेरीवर उभे आहे. एक तुकडी उतरवायची आणि त्याच विमानाने आधीची तुकडी घरी आणायची. हंगामाच्या पहिल्या खेपेला परतताना विमान रिकामे आणि शेवटच्या खेपेला जाताना रिकामे. मधल्या सगळ्या फेऱ्या भरलेल्या. सामान्य नोकरदाराला विमानात बसता आले ते ह्या हिशेबामुळे, आणि हा हिशेब जुळला तो सर्वांना ठरलेल्या वेळी रजा मिळत होती म्हणून.

लेकरने हाच हिशेब अटलांटिकवर चालवायचा प्रयत्न केला. तेथे भाडी ठरवून दिलेली होती. स्वस्तात जायचे तर एखाद्या मंडळाचे निदान सहा महिन्यांचे सभासद असावे लागे, आणि त्यामुळे कागदोपत्री मंडळांना ऊत आला होता. शेवटी सप्टेंबर १९७७ मध्ये लेकरचे स्कायट्रेन सुरू झाले. लंडन ते न्यूयॉर्क ५९ पौंड, आधी आरक्षण नाही, रांगेत उभे राहायचे आणि जागा असेल तर चढायचे. फेब्रुवारी १९८२ मध्ये कंपनी बुडाली. परंतु स्वस्त तिकिटासाठी पथारी टाकून रांगेत बसणारा प्रवासी तोवर जगाला परिचित झाला होता.

खाजगी जेटची गोष्ट ह्याला समांतर चालली. बिल लिअर ह्यांचे छोटे लिअरजेट ७ ऑक्टोबर १९६३ रोजी अमेरिकेतील विचिटा येथे प्रथम उडाले. पुढल्याच वर्षी अशी विमाने भाड्याने देणारी एक्झिक्युटिव्ह जेट ही कंपनी निघाली. तिच्यात पेनसिल्व्हेनिया रेल्वेने कोट्यवधी डॉलर ओतले. वास्तविक रेल्वेने हवाई कंपनी ताब्यात ठेवणे कायद्याला मंजूर नव्हते. ती रेल्वे विलीन होऊन १९७० साली दिवाळ्यात निघाली, त्यात हे प्रकरणही चव्हाट्यावर आले. हिरोशिमावर बॉम्ब टाकणाऱ्या विमानाचा वैमानिक पॉल टिबेट्स हा १९७६ साली ह्याच कंपनीचा अध्यक्ष झाला. इतिहासात माणसे कोठे कोठे भेटतात पाहा.

१९८४ साली रिचर्ड सँटुली ह्या गणिताच्या माणसाने ती कंपनी घेतली. जुन्या फेऱ्यांच्या नोंदी चाळून त्याने जे काढले ते मला ह्या धंद्यातील खरे डोके वाटते. एका विमानाचे अनेक भागीदार करायचे. भागीदाराने आपण बसलेल्या तासांचेच पैसे द्यायचे, अधिक दरमहा ठराविक रक्कम. विमान रिकामे कोठून कोठे गेले ह्याशी त्याचा संबंध नाही. म्हणजे रिकाम्या फेरीचा भार कंपनीने अंगावर घेतला, आणि विमाने इतकी वाढवली की मागणी येईल तेथून जवळच कोठे तरी एखादे उभे असावे. १९८६ मध्ये ही योजना नेटजेट्स नावाने सुरू झाली. १९९८ मध्ये वॉरेन बफे ह्यांच्या बर्कशायर हॅथवेने ही कंपनी ७२.५ कोटी डॉलरना विकत घेतली. ह्याच बफेंनी पूर्वी आपल्या कंपनीच्या विमानाला थट्टेने 'असमर्थनीय' असे नाव दिले होते.

तरीही रिकाम्या फेऱ्या संपल्या नाहीत. खाजगी जेटच्या सुमारे तीनांत एक ते पाचांत दोन फेऱ्या प्रवाशांवाचून होतात, असा अंदाज धंद्यातीलच लोक सांगतात. इंटरनेट आल्यावर ह्या फेऱ्या थेट लोकांना विकणारे दलाल निघाले. अमेरिकेत जेटस्मार्टरने वर्गणी घेऊन सभासदांना अशा आसनांवर बसवण्याची योजना काढली. पुढे नियम बदलत गेले, सभासद कोर्टात गेले, आणि २०१९ मध्ये ती कंपनी व्हिस्टा ग्लोबल ह्या समूहात गेली. वर्गणी आगाऊ भरून घ्यायची आणि सोयी मागाहून कमी करायच्या, ही चाल आपल्याकडल्या भिशीवाल्यांना ठाऊक आहे. भारतात २०१४ साली कनिका टेकरीवाल ह्यांनी जेटसेटगो काढली. तीही रिकाम्या फेऱ्या विकते.

ज्याला असा प्रवास खरोखरच करायचा आहे त्याने धनिकांच्या हालचालीचे पंचांग पाहावे. थंडी सुरू झाली की न्यूयॉर्ककडची विमाने फ्लोरिडाला भरून जातात आणि उत्तरेकडे मोकळी परततात, वसंतात उलटे. कानचा चित्रपट महोत्सव आणि मोनाकोची मोटारशर्यत आली की नीसचा विमानतळ ह्या विमानांनी गजबजतो, आणि त्या काळात गर्दीच्या उलट दिशेला जाणाऱ्याचे फावते. आपल्याकडे लग्नसराई पाहावी. मुंबईच्या विमानतळावर खाजगी विमानांना उभे राहायला जागा अपुरी. मालकाला उतरवून विमान कित्येकदा दुसऱ्या गावी जाऊन थांबते, आणि मालकाला न्यायला पुन्हा मोकळे येते. २०२४ साली जामनगरला एका उद्योगपतीच्या घरच्या लग्नाआधीच्या समारंभासाठी तेथल्या विमानतळाला दहा दिवसांपुरता आंतरराष्ट्रीय दर्जा देण्यात आला होता. इतक्या लहान विमानतळावर पाहुण्यांची सगळी विमाने मुक्कामाला राहू शकत नाहीत हे कोणालाही समजेल.

भाडे सबंध विमानाचे असते, आसनाचे नव्हे. तेव्हा सहा-आठ जणांनी मिळून घेतले तरच ते पहिल्या वर्गाच्या तिकिटाच्या जवळपास येते. एकट्याला ते पाव किमतीतही महागच. फेरी रद्द झाली तर सगळे पैसे परत मिळतील हे लेखी घ्यावे. परतीचा प्रवास आपला आपण वेगळा करावा लागतो, तो खर्च आधीच धरावा. आणि विमान ज्याच्या परवान्यावर उडते त्याचे नाव विचारावे. भारतात भाड्याने उडणाऱ्या अशा कंपन्यांना विमान वाहतूक महासंचालनालयाचा परवाना लागतो आणि परवानाधारकांची यादी लोकांना पाहता येते. ही शेवटची गोष्ट किरकोळ नव्हे. जानेवारी २०१९ मध्ये एमिलियानो साला हा फुटबॉलपटू फ्रान्समधील नांतहून कार्डिफला एका छोट्या विमानाने निघाला आणि विमान समुद्रात कोसळले. त्या वैमानिकाकडे भाड्याने उतारू नेण्याचा परवानाच नव्हता. फेरी ठरवणाऱ्याला २०२१ मध्ये दीड वर्षाची शिक्षा झाली.

आमच्या सभासदाला हे विमान साधेल काय, ह्याचा मी एकदा हिशेब मांडला. १९४८ च्या फॅक्टरी कायद्याने वीस दिवस कामामागे एक दिवस भरपगारी रजा ठरवली होती. वर्षात २४० दिवस भरले तर बारा मिळत. ती रजाही साधारण पंधरा दिवस आधी अर्ज करून मागावी लागे. रिकाम्या फेरीची बातमी येते दोन दिवस आधी. कंत्राटी कामगाराची तर बातच नको. त्याने सोमवारी न येण्याचे रविवारी कळवले तर मंगळवारी त्याच्या जागी दुसरा उभा असतो. मालकाला कामगार लवचीक हवा असतो. कामगाराला लवचीक प्रवासी होण्याची सोय मात्र नसते.

आणि ह्या सगळ्या व्यवहारात ज्यांचा उल्लेख जाहिरातीत कधी येत नाही ते दोघे पुढल्या काचेमागे बसलेले असतात. अमेरिकेत अनेक वर्षे असा भेद चालत आला की, पैसे देणारा उतारू असला तर वैमानिकाच्या तासांना आणि विश्रांतीला व्यापारी उड्डाणाचे कडक नियम. पण उतारू उतरला आणि विमान मोकळे निघाले की ते खाजगी उड्डाण, त्याला सैल नियम. दमलेला माणूस तोच, विमान तेच. १४ ऑक्टोबर २००४ रोजी लिटल रॉकहून मिनिआपोलिसला मोकळे निघालेले एका प्रवासी कंपनीचे जेट त्याच्या दोन वैमानिकांनी ४१,००० फुटांवर नेले. दोन्ही इंजिने बंद पडली आणि दोघेही मेले. १५ मे २०१७ रोजी एक लिअरजेट फिलाडेल्फियाहून न्यूयॉर्कजवळच्या टेटरबरोला असेच उतारूंवाचून निघाले. अर्ध्या तासाचाही प्रवास नव्हता. त्या सहवैमानिकाला विमान हाती घेण्याची कंपनीच्या नियमाने मुभा नव्हती. तरी वाटेत बहुतेक वेळ तोच ते चालवत होता आणि कॅप्टन शेजारून सांगत होता. धावपट्टीजवळ वळताना ते कोसळले. चौकशी समितीने दोष वैमानिकांच्या वर्तनात दाखवला, आणि कंपनीकडे अशा फेऱ्यांवर देखरेख ठेवण्याची व्यवस्था नव्हती हेही नोंदवले. आत उतारू नसले की शिस्त सैल होते, कारण पाहणारे कोणी नसते. रात्रपाळीत एकट्याने यंत्र चालवणाऱ्यांचे अपघात ज्यांनी हाताळले आहेत त्यांना हे वाचून नवल वाटणार नाही.

नेटजेट्सच्या वैमानिकांची स्वतःची युनियन आहे. २०१५ च्या मे महिन्यात बर्कशायर हॅथवेची पन्नासावी वार्षिक सभा ओमाहा येथे भरली. जगभरचे भागधारक आत जात होते, कित्येकजण ह्याच कंपनीच्या विमानांनी आलेले, आणि सभागृहाबाहेर वैमानिक गणवेशात, हातात फलक घेऊन उभे होते. पगार आणि कामाच्या अटींचा झगडा वर्षांनुवर्षे रेंगाळला होता. त्याच वर्षाच्या अखेरीस नवा करार झाला.